अर्धवट गेमला पूर्ण पैसे का मोजायचे? (‘रडणाऱ्यांनी ल्युडो खेळा’ला उत्तर)

गोदाकाठचा गेमर (धागाकर्ता)

परवा लेव्हल_सिडको यांनी लिहिलं होतं की गेम अर्ली ॲक्सेसमध्येच, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला काढला की घ्यावा, स्वस्त पडतो, छोट्या स्टुडिओला हात मिळतो, आणि बग दिसले की ज्यांना रडू येतं त्यांनी ल्युडो खेळावा. तिथेच दोन ओळी खरडणार होतो. पण ल्युडो डोक्यात गेला, म्हणून वेगळा धागा.

आधी ‘स्वस्त’चं बघू. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसला आला तो ६० डॉलरला. म्हणजे किंमत पूर्ण आणि हातात फक्त पहिला अंक. तो बनवणाऱ्या लॅरियनने २०२३ मध्ये सोनं करून दाखवलं, त्यांना सलाम. पण कर्बल स्पेस प्रोग्राम २ आठवा. फेब्रुवारी २०२३, ५० डॉलर. रोडमॅपवर, म्हणजे पुढे काय काय येणार त्या यादीत, वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मल्टिप्लेअर. २०२४ मध्ये स्टुडिओच बंद झाला आणि या तिन्हींतलं एकही आलं नाही. गेम मात्र त्यानंतरही दुकानात विकायला होता.

यातली खरी गोम वेगळी आहे. पहिला कर्बलसुद्धा अर्धवटच विकला गेला होता. मेक्सिकोतल्या स्क्वाड नावाच्या छोट्या कंपनीने २०११ पासून तो लोकांच्या हातात दिला आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण केला. दुसऱ्याच्या मागे टेक-टू सारखी धनाढ्य कंपनी होती. लोकांनी दुसरा घेतला तो पहिल्याच्या पुण्याईवर. तेव्हा ‘छोट्या स्टुडिओला हात’ हे सरसकट सगळीकडे चिकटवू नका.

आता रिफंड. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत. पूर्ण गेमला हे ठीक आहे, फसला तर दोन तासांत कळतं. अर्ली ॲक्सेस फसला हे कळायला दोन वर्षं लागतात.

माझ्या भाच्याने दिवाळीच्या ओवाळणीतून एक सर्व्हायव्हल गेम घेतला. रोडमॅपवर घोडे, होड्या, हिवाळा. घोडे आले. मग बनवणाऱ्यांच्या डिस्कॉर्डवर (गप्पांच्या ग्रुपवर) सामसूम. पोरगं अजून विचारतं, मामा, होड्या कधी येणार? त्याला ल्युडो खेळ म्हणून सांगू का?

आज जे आहे तेवढ्यासाठी पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या. नकाशाचे पैसे देऊ नका.

लेव्हल_सिडको

मामा, भाच्याला आधी दुकानाचं पान वाचायला शिकवा. निळ्या चौकटीत लिहिलेलं असतं की गेम अपूर्ण आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आत्ता आहे तसा खेळायची हौस नसेल तर थांबा. यापेक्षा मोठ्या अक्षरात काय लिहायचं? द्वारका चौकात होर्डिंग लावायचं?

तुम्ही मढी मोजता, मी जिवंत मोजतो. हेडीस डिसेंबर २०१८ ला अर्ली ॲक्सेसला आला, सप्टेंबर २०२० ला पूर्ण झाला. लोकांनी खेळून खेळून तो घडवला. फॅक्टोरिओ कधी सेलला लागत नाही, उलट जानेवारी २०२३ मध्ये ३० चा ३५ डॉलर झाला. आधी घेणारे शहाणे ठरले की नाही? व्हॅलहाइम पाच जणांचा संघ, महिनाभरात ५० लाख प्रती. तुमच्यासारखे सगळे ‘आधी पूर्ण करा, मग बघू’ म्हणत बसले असते तर यातलं काय उरलं असतं?

जोखीम घ्यायची नाही आणि फळ मात्र पाहिजे. द्राक्षाचा व्यापारीसुद्धा बाग पिकायच्या आधी सौदा करतो. गारा पडल्या तर त्याचं नशीब. तो बसतो का धागे काढत?

निफाडकर

मी इथे फक्त वाचायला येतो. पण हे कुठल्या बागेत पाहिलंत भाऊ तुम्ही? पत्ता द्या, आम्हीही तिथेच माल घालतो.

ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) आम्ही करतो. औषधं, मजुरी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळं आमच्या अंगावर. व्यापारी येतो माल तयार झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. मणी दाबून बघतो, गोडी मोजतो, भाव ठरवतो. इसार दिला तर दिला. तोडणी सुरू होते, गाड्या भरून जातात आणि पैसे ‘गाडी खाली झाली की’. गारा पडल्या तर सौदा त्याच दिवशी मोडतो आणि बाग आमच्याकडेच राहते. त्याचं नशीब म्हणे!

आमच्या वडिलांच्या बागेतून एकाने शेवटच्या दोन गाड्या नेल्या आणि पिंपळगावातली भाड्याची खोली रात्रीत खाली करून गेला. फोन बंद. दिलेला चेक परत आला. हे एका घरचं नाही. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांचे बुडालेले पैसे वसूल करायची मोहीम काढली होती, ती उगाच नाही.

गोदाकाठचा गेमर

निफाडकर, तुम्ही माझंच काम केलंत. जो आधी हात सोडतो तो बुडतो. तुम्ही माल आधी देता, आम्ही पैसे आधी देतो.

मिसळ_बिनतर्री

वा, व्यापाऱ्याला चोर ठरवून मोकळे. माझे मामा व्यापारी आहेत, या धाग्यावर मामांचं चालतंय म्हणून मीही सांगतो. गाडी दिल्लीला पोचते, तिथे अचानक आवक वाढते, भाव निम्म्यावर येतो. ठरलेला भाव मात्र शेतकऱ्याला पूर्ण हवा. आदल्या रात्री पाऊस होऊन मणी तडकलेत हे सकाळी कोण सांगतं? तिकडे क्रेट उघडला की खालच्या थराला सडका माल.

निफाडकर

खालचा थर? तोडणीला टोळी तुमची, क्रेट भरतात तुमची माणसं, गाडीवर लावतात तुमची माणसं. आम्ही बांधावर उभं राहून वजन बघतो आणि त्यातही तुम्ही ‘कट’ म्हणून किलोमागे कापून घेता. मामांना विचारा कट किती लावतात. आणि तडकलेला मणी कळत नसेल तर धंदा कशाला करता?

मिसळ_बिनतर्री

मामांवर जाऊ नका.

निफाडकर

मामांना तुम्हीच आणलंत.

कॉलेज रोड कॅफे

द्राक्ष बाजूला ठेवा जरा. लोक विसरतात की ‘पूर्ण’ गेम तरी कुठे पूर्ण असतो? सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० ला आला. अर्ली ॲक्सेस नाही, रीतसर पूर्ण. सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढला, जून २०२१ मध्ये परत विकायला ठेवला. आमच्या कॅफेच्या काळात काउंटर स्ट्राइक १.६ एकदा टाकला की वर्षभर हात लावायला लागत नव्हता. आता प्रत्येक गेम रोज ३० जीबीचा अपडेट मागतो. त्यात सिंहस्थाच्या नावाने रस्ते उकरून ठेवलेत, आमच्या गल्लीत फायबर तुटला की दोन-दोन दिवस कुणी फिरकत नाही. रिफंडच्या १४ दिवसांतले निम्मे डाउनलोडमध्येच जातात. लाँचर (गेम सुरू करायची खिडकी) उघडा राहिला तर तोही वेळ २ तासांत मोजला जातो, हे किती जणांना माहिती आहे?

गोदाकाठचा गेमर

कॅफे, लाँचरचं बरोबर. सायबरपंकचं उदाहरण मात्र उलटं पडतं. तो पूर्ण म्हणून विकला होता म्हणूनच सोनीला पैसे परत द्यावे लागले. त्याच गेमवर ‘अर्ली ॲक्सेस’चा शिक्का असता तर लेव्हल_सिडको यांनी निळी चौकट दाखवली असती.

ॲड. काकू

कायद्याचं विचारलं नाही कुणी, तरी सांगते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. म्हणजे नाशिकला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पण ‘अपूर्ण आहे’ हे आधीच सांगून विकलेल्या वस्तूत ‘त्रुटी’ दाखवणं सोपं नाही. शिवाय तुम्ही विकत घेता तो परवाना, गेम नव्हे. रोडमॅप जाहिरात म्हणून दाखवला असेल तर त्यावर भांडायला जागा आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा. निफाडकर, चेक परत आला की बँकेच्या मेमोपासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. लोक ‘देतो, देतो’ ऐकत बसतात आणि मुदत घालवतात.

निफाडकर

काकू, नेमकं तेच झालं. वडील म्हणाले, दहा वर्षांचा व्यवहार आहे, नोटीस काय पाठवायची.

कोडकांदा

दोन मित्रांसोबत गंगापूर रोडच्या एका खोलीत गेम बनवतो. म्हणजे या धाग्यावर मी आरोपी.

स्टीमवर पान उघडायला १०० डॉलर, विक्रीतले ३० टक्के स्टीमचे. आम्हाला इथे प्रकाशक कुणी विचारत नाही. घरचे विचारतात, नोकरी कधी लागणार. अर्ली ॲक्सेस हाच आमच्यासारख्यांना एक दरवाजा. आणि फक्त पैशांसाठी नाही. आमच्या गेमची तिसरी लेव्हल कुणालाच कळत नव्हती, हे आम्हा तिघांना वर्षभर कळलं नाही. मित्राच्या बहिणीने पाच मिनिटांत सांगितलं. अशा हजार बहिणी पाहिजेत.

पण धागाकर्त्यांना एक देतो. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या डेव्हलपरसाठीच्या सूचनांतच आहे की पुढच्या गोष्टींची ठाम वचनं देऊ नका, आणि विक्री जवळपास झालीच नाही तरी गेम पूर्ण करायची ऐपत नसेल तर अर्ली ॲक्सेसला येऊ नका. ते पान वाचून आम्ही लाँच पुढे ढकलला. बरेच जण वाचत नाहीत, किंवा वाचून डोळे मिटतात. घोडे-होड्या-हिवाळा असं चित्र काढणं त्या सूचनांविरुद्धच जातं.

लेव्हल_सिडको

कोडकांदा, तूही? आपण एका बाजूला होतो रे.

कोडकांदा

मी माझ्या बाजूला आहे. एकाने होड्यांचं चित्र काढून पळ काढला की पुढच्या गिऱ्हाइकाचा संशय माझ्यावर येतो. माझी विक्री तुमच्या टीकाकारांनी पाडलेली नाही, त्या पळपुट्यांनी पाडली आहे.

लेव्हल_सिडको

बरं. पळपुटे तरी किती? सगळ्यांच्या तोंडी एकच गेम, ‘द डे बिफोर’. ७ डिसेंबर २०२३ ला आला, चार दिवसांत स्टुडिओने शटर ओढलं, जानेवारीत सर्व्हर बंद. पण लोकांना पैसे परत मिळाले ना! मग बुडालं काय?

गोदाकाठचा गेमर

परत मिळाले, कारण तो चार दिवसांत मेला. सगळ्या जगासमोर मेला. हळूहळू मरणाऱ्याचे पैसे कुणी परत देत नाही. स्पेसबेस डीएफ-९ ऑक्टोबर २०१३ मध्ये आला, वर्षभराने ‘१.०’ असा शिक्का मारून गुंडाळला. डबल फाइनसारखं गेम बनवणारं नावाजलेलं घर, तरी ठरवलेल्या बऱ्याच गोष्टी राहूनच गेल्या. कागदावर तो ‘पूर्ण झालेला’ गेम. तुमच्या जिवंतांच्या यादीत तोही मोजता का?

आणि व्हॅलहाइम २०२१ चा, चार वर्षं उलटली तरी शिक्का अर्ली ॲक्सेसचाच होता. चांगला आहे म्हणून कुणी बोलत नाही.

कॉलेज रोड कॅफे

झॉम्बॉइडला पण स्टीमवर २०१३ पासून बघतोय. आमच्याकडे तेव्हा बारावीला असलेली पोरं आता ईएमआय भरतात.

लेव्हल_सिडको

झॉम्बॉइडला नावं ठेवू नका, तो आत्ता जेवढा आहे तेवढाच दहा गेमना भारी आहे. आणि ‘आज जे आहे त्यासाठी पैसे द्या’ हे जे धाग्यात मोठ्या थाटात सांगितलंय, ते त्या निळ्या चौकटीत आधीपासून आहे. एवढं लांबण लावून तुम्ही व्हॉल्व्हचीच सूचना मराठीत आणलीत. अभिनंदन!

गोदाकाठचा गेमर

मग ‘घ्याच, नाहीतर ल्युडो खेळा’ हे कोणत्या चौकटीत होतं?

अर्ली ॲक्सेस मार्च २०१३ ला सुरू झाला. शेवटचा अपडेट येऊन वर्ष उलटलं तर तसं पानावर दाखवायला स्टीमने २०२५ उजाडवलं. बारा वर्षं गिऱ्हाइकाने स्वतः उकरून काढायचं की आत कुणी आहे की घर रिकामं.

लेव्हल_सिडको

ठीक आहे महाराज. रोडमॅप बघून घेऊ नये, शेवटच्या अपडेटची तारीख बघून घ्यावं. मान्य. लिहून ठेवा, सिडकोवाल्याने एकदा काहीतरी मान्य केलं. ल्युडो मात्र मागे घेत नाही. आणि भाच्याला हेडीस घेऊन द्या, तो पूर्ण आहे. पैसे मामाचे.

ॲड. काकू

त्या गेमचं वयाचं रेटिंग बघून घ्या आधी.

मिसळ_बिनतर्री

गेमवाल्यांचं मिटलं, पण व्यापारी चोर हे तसंच राहिलं. निफाडकर, मी मामांना विचारलं. कट लावतात, नाकारत नाहीत. पण ते म्हणतात दिल्लीत आडत्या त्यांच्याकडूनही कापतो, ते कुणी लिहीत नाही.

निफाडकर

मग दिल्लीवाल्याचा राग दिल्लीत काढा, आमच्या बांधावर कशाला? फेब्रुवारीत या बागेत मामांना घेऊन. मणी न् मणी दाखवतो.

मिसळ_बिनतर्री

येतो. इसार किती आणू?

निफाडकर

इसार नको. पूर्ण रक्कम आणा. यंदा बाग अर्ली ॲक्सेसमध्ये आहे, गारा पडल्या तर निळ्या चौकटीत आधीच लिहून ठेवलंय समजा.