काठमांडूच्या विशेष शाळेत पंधरा दिवसांची ‘सेवा’: मुलांना काय मिळालं?

मृण्मयी_क (धागाकर्ती)
गेल्या आठवड्यात इथे आलेला लेख बहुतेकांनी वाचला असेल. लेखिका एका एजन्सीला पैसे भरून काठमांडूला गेली, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत पंधरा दिवस राहिली. मिठ्या, नाच, रंगात बुडवलेले हात, निघताना रडणारी मुलं. खाली सलामांचा पाऊस. माझं म्हणणं प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

माझा मुलगा स्वमग्न आहे. त्याचा शाळेतला दिवस चित्रांच्या कार्डांवर बसवलेला असतो: डबा, संडास, मणी ओवणं, झोका. मणी ओवताना बाईंनी मनगट कुठे धरायचं आणि कधी सोडायचं, हेही ठरलेलं असतं. हौशी पाहुणा मायेने मणी स्वतःच ओवून देतो, आणि बाईंना परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायचं नाही, हे आम्ही या मुलांना वर्षानुवर्षं शिकवतो, कारण कुणी वाईट वागलं तर त्यांच्यातल्या कित्येकांना ते सांगता येत नाही. लेखात मात्र त्या मिठ्यांचंच कौतुक आहे.

आणि ते रडणं? ताई परत येणार नाही, हे ज्याला समजावता येत नाही, त्याच्याकडून दर पंधरवड्याला एक माणूस काढून घ्यायचा. नंतर त्याला सांभाळतं कोण? जायचं तर निदान शाळेचं एक वर्ष जा, पोलिसांचा दाखला देऊन जा आणि तिथल्या बाईंच्या हाताखाली काम करा.

रानवारा
मृण्मयीताई, तुमचा त्रास समजतो, पण सगळ्यांना एकाच काठीने हाकताय. माझी बहीण सांगली जिल्ह्यात अशाच शाळेत आहे. तिथे बेल्जियमची एक फिजिओथेरपिस्ट महिनाभर आली होती. पुठ्ठ्याचे थर चिकटवून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी खुर्च्या करायला तिने शिकवलं. मान धरून बसता न येणारी पोरं आता टेकून बसून जेवतात. महिन्याने ती गेली, खुर्च्या आजही बनतात. एक वर्षाची अट घातली असती तर ती आलीच नसती.

मृण्मयी_क
ती शिकलेली होती आणि तिने मोठ्यांना शिकवलं. तेवढं मान्य. पण तिचं उदाहरण देऊन नाचगाण्यांचं समर्थन होत नाही.

किरण_पी
मी जन्मापासून बहिरा. काठमांडूच्या नक्साल भागात १९६६ पासून बहिऱ्यांची शाळा आहे. नेपाळी सांकेतिक भाषेत देवनागरी अक्षरं एका हाताने दाखवतात. आपल्याकडे भारतात इंग्रजी अक्षरं दोन हातांनी. म्हणजे इथे खुणा शिकलेला माणूससुद्धा तिथे पहिले काही महिने विद्यार्थीच. लहानपणी आमच्या शाळेत पाहुणे यायचे, ओठ मोठे करून बोलायचे आणि आम्ही हसलो की खूश व्हायचे. आम्ही त्यांनाच हसत होतो.

अभ्या_म्युनिक
परदेशातली स्वयंसेवा म्हणजे सहलच, हे कुणी ठरवलं? मी जर्मनीत बीएफडी, म्हणजे तिथली सरकारी स्वयंसेवा, केली आहे, विशेष शाळेत, पूर्ण वर्ष. २०११ मध्ये सक्तीची लष्करभरती आणि तिच्याऐवजी करायची नागरी सेवा थांबली तेव्हा सरकारने ही योजना आणली. पोलिसांचा दाखला, आरोग्य विमा, खिशाला थोडे पैसे आणि तरुणांसाठी वर्षात किमान २५ दिवस प्रशिक्षण. मुलांचे डायपर बदलले, भरवलं, व्हीलचेअर बसमध्ये चढवल्या. फोटो एकही नाही, परवानगीच नव्हती. ताई, तुम्ही मागताय ते सगळं तिथे आहे.

सातारकर
अभ्यासाहेब, सेवा वगैरे ठीक आहे, पण बीएफडी काय किंवा एफएसजे ही तशीच दुसरी योजना काय, आउसबिल्डुंगची (तिथल्या पगारी व्यवसाय-प्रशिक्षणाची) पहिली पायरी आहे हे पण सांगा की. आमच्या शेजारच्या पोराकडून पुण्यातल्या एजंटाने जागा मिळवून देतो म्हणून लाखभर उकळले. जागा मिळाली वृद्धाश्रमात. त्याला अपंग मुलांचं काही नव्हतं, जर्मनीत पोचायचं होतं.

अभ्या_म्युनिक
माझा हेतू तुम्ही कोण ठरवणार? ज्या मुलाला मी वर्षभर भरवलं, त्याच्या आईने कधी विचारलं नाही मी का आलो ते. एजंट चोर आहेत, मान्य. संस्थेकडे थेट अर्ज करता येतो, हे मी इथे आधीही लिहिलंय.

सातारकर
चिडू नका. माझा प्रश्न साधा आहे. म्युनिक नाहीतर काठमांडूच का? आपल्याच तालुक्यातल्या विशेष शाळेत माणसं नाहीत.

विशेष_शिक्षिका
शेवटी कुणाला तरी तालुका आठवला. मी विशेष शिक्षणाची पदविका घेतली, पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे, आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर आहे. मूल एका गावात, दुसरं पुढच्या गावात, मी एसटीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला अशा दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला. राज्याने २०२४ मध्ये ४८६० पदं मंजूर केली. म्हणजे शाळांच्या एका केंद्राला, जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक! एका केंद्रात किती शाळा असतात ते मोजा. स्वयंसेवकाने काय करावं यावर इथे पानंच्या पानं लिहिता. शिक्षकाचा पगार हा विषय निघाला की कुणी फिरकत नाही.

रानवारा
बाई, अगदी बरोबर. बहिणीच्या अनुदानित शाळेतही पगार वेळेवर होत नाहीत. पण यात लेख लिहिणाऱ्या त्या मुलीचा काय दोष?

विशेष_शिक्षिका
दोष तिचा नाही. पण फुकटचे हात मिळतायत म्हटलं की संस्थाचालक पद भरायची घाई करत नाही. मी हे एका संस्थेत डोळ्यांनी पाहिलंय. मदतनीस ताईला कमी केलं आणि तिच्या जागी कॉलेजची मुलं आणली. त्या कॉलेजच्या मुलांना बिचाऱ्यांना फिट आली की काय करायचं तेही माहीत नव्हतं.

अभ्या_म्युनिक
हे मात्र खरं. जर्मनीतही स्वयंसेवक कर्मचाऱ्याच्या जागी वापरायचा नाही असा नियम आहे, आणि तो सगळीकडे पाळला जात नाही.

मूळ_लेखिका
लेख माझा आहे, म्हणून बोलते. फोटो मुख्याध्यापिकांनीच काढायला लावले, देणगीदारांना दाखवायला हवे असतात म्हणाल्या. मी भरलेल्या पैशांतून मुलांचं जेवण होतं असं एजन्सीने सांगितलं होतं. मी गेले नसते तर तेही मिळालं नसतं. मला खलनायिका करून तुम्हाला काय मिळालं?

मृण्मयी_क
तुमच्या मनात वाईट होतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण एजन्सीने सांगितलं आणि शाळेला मिळालं यात अंतर असू शकतं. शाळेकडून पावती मागवा आणि किती पोचले ते इथे लिहा. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना विनापगारी कामही करू देत नाही, असा नेपाळचा नियम आहे. आपल्याला व्हिसाच लागत नाही, म्हणून एजन्सीचं फावतं. आणि मुख्याध्यापिकांना फोटो हवे होते, तर ते देणगीदारांकडे जाऊ देत. इथल्या लेखात मुलांचे चेहरे आजही दिसतायत. त्यांच्या आईवडिलांना कुणी विचारलं होतं का?

मूळ_लेखिका
नाही. चेहरे आज काढते. लेख राहील.