कान्हला मिळणारा गावचा नाला: आधी काय मोजायचं, मग काय बांधायचं?

सांवेरकाठ
सांवेर तहसिलीतल्या आमच्या गावचा नाला थेट इंदूरमधून येणाऱ्या कान्ह नदीला मिळतो. त्यावर अडीचशे माणसांची वस्ती, चाळीसेक म्हशींचे गोठे, आणि खाली लसूण-बटाट्याची शेतं. पंचायतीला नाल्याच्या तोंडाशी काहीतरी करायचं आहे, पण बैठकीत दर वेळी एकच सूर: "घाण सगळी इंदूरची, खर्च आपण का करायचा?" गावाची घाण किती न् शहराची किती, हे कमी खर्चात कसं ठरवावं? आणि सांडपाणी गाळून साफ करणारा, कर्दळ लावलेला गिट्टीचा वाफा खरंच चालतो, की दोन वर्षांत तुंबतो?

नमुनाबाटली
बैठकीत नुसता मिलिग्रॅमचा आकडा नेऊ नका. भार काढा: तीव्रता गुणिले प्रवाह.

अडीचशे माणसांचं सांडपाणी माणशी 80 लिटर धरलं तर दिवसाला 20 घनमीटर. एवढी बारीक धार पाइपातून बादलीत घेऊन मोजावी. 20 लिटरची बादली दिवसाच्या सरासरीने दीडएक मिनिटात भरायला हवी. त्याआधीच भरत असेल तर गोठ्याची धुवण किंवा उघडे नळ आहेत. धार मोठी असेल तर पत्र्यात 90 अंशांची त्रिकोणी खाच कापून तो पत्रा धारेला आडवा, उभा बसवा, कडा चिकणमातीने लिंपा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा 2.5 वा घात गुणिले 1.38, की घनमीटर प्रति सेकंद. 10 सेंमीला सेकंदाला सुमारे 4.4 लिटर येतात. उंची खाचेतच मोजली तर आकडा कमी येतो, कारण तिथे पाणी वाकून उतरतं. वरच्या बाजूला, उंचीच्या चौपट अंतरावर मोजा.

नमुने तीन: कान्हमध्ये नाल्याच्या वर (शहराकडून येणारं पाणी), खुद्द नाल्यात (गावाचं), आणि पाणी नीट मिसळल्यावर खाली. बीओडीची (घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात त्याचं माप) बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा नको, बर्फाच्या डब्यातून 24 तासांत प्रयोगशाळेत. कोलिफॉर्मसाठी (मैल्याची खूण असलेले जंतू) निर्जंतुक बाटली, शक्यतो 6 तासांत. नाल्याचा बीओडी नमुना दिवसभर दर दोन तासांनी समान भाग घेऊन एकत्र करा, कारण सकाळी गोठे धुतात तेव्हाचं पाणी न् दुपारचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोलिफॉर्मचे नमुने मात्र असे एकत्र करायचे नसतात.

माणशी बीओडी रोज 40-45 ग्रॅम, म्हणजे वस्तीचा जास्तीत जास्त 10-11 किलो. शौचालयं शोषखड्ड्यावर असतील तर त्याहून बराच कमी. नाल्यात यापेक्षा जास्त आला तर गोठे किंवा सेप्टिक टँकचे टँकर शोधा. नदीसाठी तुलनेला स्नानयोग्य पाण्याचे निकष धरा: लिटरला मिलिग्रॅममध्ये बीओडी 3 किंवा कमी, विरघळलेला ऑक्सिजन 5 किंवा जास्त, मलजन्य कोलिफॉर्म 100 मिलिलिटरला कमाल 2500.

गिट्टीवाला
वाफा चालतो, पण शेण त्यात गेलं नाही तरच. एका म्हशीचं शेण-मूत नाल्यात जाणं म्हणजे दहाहून जास्त माणसांचा भार. त्यामुळे पहिला खर्च गोठ्यांवर: आधी कोरडं शेण फावड्याने उचला, मग थोड्या पाण्याने धुवा. 2 घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं, तीन-चार म्हशींचं. शेणकाला शेतात जाऊ द्या.

वाफ्याचं माप: वाफ्याआधीच्या गाळटाकीतून येणारा बीओडी लिटरला 150 मिलिग्रॅम आणि बाहेर 30 हवा असेल, तर 20 घनमीटरला सुमारे 160 चौरस मीटर. डिसेंबर-जानेवारीत जंतूंचं काम मंदावतं, म्हणून 200 धरा. खोली 60 सेंमी, तळाला एक टक्का उतार, वरचा पृष्ठभाग सपाट. मधे 10-20 मिमीची धुतलेली गिट्टी, दोन्ही टोकांना 40-60 मिमीची. न धुतलेल्या गिट्टीचा चुरा हे वाफे तुंबण्याचं एक मोठं कारण. पाणी गिट्टीच्या 5-10 सेंमी खाली राहील असा फिरता एल्बो (पाइपचा कोपरा) बाहेरच्या तोंडाला लावा. वर पाणी दिसलं की डास आलेच.

माळव्याच्या काळ्या मातीत तळ ओला असेपर्यंत पाणी धरतो, पण कडा वाळून भेगाळतात. कडांपर्यंत प्लास्टिकचा जाड कागद घ्या. कर्दळ, पानकणीस लावा; बेशरम अजिबात नको.

सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पावसाळी वळण. पहिल्या जोराच्या सरीचा गाळ वाफ्यात शिरला तर तो वर्षभर तुंबलेला. नाल्याचं पूरपाणी बाजूने काढणारी चारी वाफ्याच्या आधी खणा, नंतर नाही. आणि एवढं करूनही बाहेरचं पाणी कोथिंबीर-पालकावर मारण्याजोगं होत नाही, कोलिफॉर्म उरतातच. लसूण-बटाट्याला सरीने द्या, तुषारने नको, काढणीआधी पाणी बंद करा.

पुलावरचा
गावाचं म्हणणं अगदी खोटंही नाही. इंदूर 2021 मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर (सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं, असा सरकारी दर्जा) ठरलं, नाल्यांची तोंडं अडवून पाणी कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्राला नेलं गेलं. पण ही अडवणूक कोरड्या दिवसांच्या प्रवाहासाठी असते. जोराच्या पावसात पाणी वरून वाहतं न् रस्त्यावरचं सगळं सोबत आणतं. म्हणून वर्षाचा सगळ्यात वाईट नमुना बहुधा पहिल्या जोराच्या पावसाच्या सुरुवातीच्या लोंढ्यात मिळतो. तो एकदा घ्याच.

कारखान्यांच्या रसायनांचा पहिला अंदाज घ्यायला पेनासारखं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं) आणि पीएच पट्ट्या पुरतात. नदीवर एका जागी दिवसा न् रात्री आकडा लिहा. घरगुती सांडपाण्याचा टीडीएस एकदम उसळत नाही. रात्री अचानक दीडपट झाला तर वेळ लिहून नमुना काढा न् प्रदूषण नियंत्रण मंडळाला तारीख-वेळेसकट द्या. 2016 च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी पाइपने उज्जैनच्या क्षिप्रेवरच्या घाटांना वळसा घालून पुढे नेलं होतं. घाट वाचतात, पण भार खालच्या गावांकडे जातो, ग्रॅमभरही कमी होत नाही.

सांवेरकाठ
आकडे घेऊनच जाऊ. वाफा तुंबला तर अख्खा उपसायचा का?

गिट्टीवाला
नाही. तुंबतो तो बहुधा पहिल्या दोन मीटरांत. तेवढीच गिट्टी काढून धुवून परत घाला. पण गाळटाकी वर्षाला एकदा उपसणारा माणूस आणि त्याचे पैसे ठरावातच लिहून घ्या. टाकी गाळाने एक तृतीयांश भरली की पुढचा सगळा गाळ गिट्टीतच जातो.