प्रत्येक संदर्भाचा संदर्भ हवा : हे मराठीत म्हणायचं कसं?

मांडवीकर (बडोदे)
पुण्याच्या एका वैद्यकीय त्रैमासिकाने ‘लेखकांसाठी निर्देश’ मराठीत करून मागितलेत. फुकटचं काम आणि मी निवृत्त, त्यामुळे ते बरोबर माझ्या दारी आलं. संदर्भांच्या भागापाशी गाडी अडली आहे. इंग्रजीत मजकुरात जागच्या जागी आकडा टाकतात ते सायटेशन, लेखाच्या शेवटी यादीत येतो तो रेफरन्स. नियम असा, की मजकुरात आलेलं सगळं यादीत हवं आणि यादीतलं सगळं मजकुरात. माझं भाषांतर : ‘प्रत्येक संदर्भाचा मजकुरात संदर्भ असावा व मजकुरातील प्रत्येक संदर्भ संदर्भांत असावा.’ बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे किती वेळा म्हणायचं असतं, अकरा की एकवीस?

मजकुरातल्याला ‘दाखला’ म्हणावं असं मनात आहे. पण बडोद्यात दाखला म्हटलं की गणित. गुजराती शाळेत गेलेली आमची पोरं घरी येऊन ‘दहा दाखले गणायचे आहेत’ असंच सांगायची.

लष्करवाली (ग्वाल्हेर)
गणित तरी बरं. आमच्याकडे दाखिला म्हणजे थेट कॉलेजात प्रवेश. लेखात २७ दाखले म्हटलं तर सून विचारेल, सीटा किती शिल्लक आहेत?

शनिवारपेठी
मजकुरात ‘निर्देश’, यादीत ‘संदर्भ’. दोन्ही शुद्ध, दोन्ही रूढ. दाखला हा अरबी ‘दाखल’चा भाऊ, त्याला बाहेरच ठेवा. शिवाय वैद्यकीय लेखात रुग्णही दाखल आणि पुरावाही दाखल, गोंधळ नको.

मांडवीकर
निर्देश मलाही आवडला होता. पण पानाच्या डोक्यावरच ‘लेखकांसाठी निर्देश’ छापलंय. मग ‘निर्देशांनुसार निर्देश करावा’ होतं. शीर्षक संपादकांचं, त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे.

वाकडीमान (बडोदे)
काका, मी तुमच्याच गावची, सध्या रेसिडेंट डॉक्टर. आम्ही सरळ ‘साइट कर’ म्हणतो. ‘तो पेपर साइट केलास का?’ सगळ्यांना कळतं. दोन शब्द लागतात हे मात्र खरं. व्हँकुव्हर पद्धतीत एखादा लेख पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला जो आकडा मिळतो तोच शेवटपर्यंत. म्हणजे एकच लेख पाच ठिकाणी वापरला तर दाखले पाच आणि संदर्भ एक. गेल्या महिन्यात मॅडमनी माझा शेवटचा परिच्छेद उचलून पहिला केला. त्यात एकट्या १४ चा उल्लेख होता. १४ चा १ झाला आणि बाकीचे तेरा एकेक घर खाली सरकले, मजकुरातही आणि यादीतही. मी ते हाताने बदलत बसले होते. रात्री दीडला कोणीतरी झोटेरो दाखवलं, हे आकडे आपोआप लावणारं सॉफ्टवेअर.

राजवाडाचौक (इंदूर)
‘हवाला’ घ्या की. सूत्रांच्या हवाल्याने बातमी येते, तसा लेखाच्या हवाल्याने दावा.

शनिवारपेठी
ते हिंदी. मराठीत हवाला म्हटलं की पोलीस येतात.

राजवाडाचौक (इंदूर)
मराठीतही ‘देवावर हवाला’ ठेवतातच ना? मी ज्या विभागात उमेदवारी केली तिथे प्रबंधातले संदर्भ त्याच हवाल्यावर असायचे. आधीच्या बॅचची यादी घ्यायची आणि उतरवायची. मूळ लेख कोणी उघडलेला नसे. एका नोंदीत वर्ष चुकलं होतं, ती चूक चार प्रबंधांत वडिलोपार्जित जमिनीसारखी चालत आली. यादी अभ्यासक्रमाचा भाग नसून वारसा होती.

मांडवीकर
आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या गुजराती सहकाऱ्यांकडे ‘साइट करण्या’साठी चोख क्रियापद आहे : टांकवुं. ‘आ पेपर टांक्युं छे.’ आमच्या सर्जरीच्या एका मराठी मित्राने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, किती टाके? कारण गुजरातीत टांको म्हणजे शिवणीचा टाकाही. मराठीत मात्र आपण ‘संदर्भ देतो’, ‘उल्लेख करतो’, ‘दाखला देतो’. करणे-देणे जोडल्याशिवाय एक पाऊल पुढे नाही.

लष्करवाली (ग्वाल्हेर)
मग टाकाच म्हणा हो! लेखाला दुसऱ्याच्या लेखाचा टाका घातला.

शनिवारपेठी
शिवणकामाचा वर्ग नाही हा. आणि व्युत्पत्ती टाक्याकडून नाही, टाकाकडून : टाक-दौतीतला टाक. टाकाने लिहिलं ते टांकलं.

राजवाडाचौक (इंदूर)
छे. टंक म्हणजे छिन्नी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ती टाकी. दगडात कोरलं ते टांकलं. टंकलेखनही तिथलंच.

मांडवीकर
धातुपाठात टंक् बांधण्याच्या अर्थी आहे, म्हणजे टाक्याचं पारडं जड. गंमत म्हणजे ‘संदर्भ’ हाही मुळात गुंफणंच, सम् आणि दृभ्. संस्कृतात त्याचा अर्थ रचना, गुंफण. यादीला तो आपण कधी चिकटवला कोण जाणे. म्हणजे मजकुरात जो धागा ओवतो तो खरा संदर्भ, आणि शेवटची यादी ही नुसती सुतळीची गुंडी!

वाकडीमान (बडोदे)
काका, उलटं करून आणखी घोळ करू नका. आता बायोकेमिस्ट्रीचे सर विचारतायत, एट अल, म्हणजे ‘आणि इतर’, याला काय लिहायचं? यादीत सहा लेखक नावानिशी आणि पुढच्या सगळ्यांना मिळून एट अल. मी ‘इत्यादी’ लिहिलं.

शनिवारपेठी
माणसांना इत्यादी? इत्यादी डाळ, तांदूळ, गूळ. माणसांना ‘प्रभृती’.

राजवाडाचौक (इंदूर)
पेपरात रोज ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ छापतात, ते गूळ असतात का?

लष्करवाली (ग्वाल्हेर)
प्रभृती छान. सातव्या लेखकाचं नाव गेलं, निदान आदर मिळाला.

शनिवारपेठी
व्हँकुव्हरलाही ‘क्रमांकपद्धती’ म्हणा. परदेशी गावाचं नाव कशाला मिरवायचं?

मांडवीकर
वैद्यकीय पत्रिकांचे संपादक १९७८ च्या जानेवारीत तिथे जमले, म्हणून ते नाव. पैठणीला आपण काठपदराचं रेशमी लुगडं म्हणतो का? बाकी आपल्या बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये राज्यकारभारासाठी आठ भाषांचा शब्दकोश काढला होता. तो सरकारी कचेऱ्यांसाठी. सातव्या लेखकाची काळजी तेव्हा कोणाला नव्हती.

असो. सूचना आज पाठवल्या. मजकुरात ‘दाखला’ आणि यादीत ‘संदर्भ’ लिहून बाजूला लाल प्रश्नचिन्ह काढलंय. संपादकांचं उत्तर लगेच आलं : दाखला नको, वाचक बोनाफाइड पाठवतील.

लष्करवाली (ग्वाल्हेर)
टाकांवरून आठवलं. आमच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाक पार झिजलेत, खंडोबाचा घोडा दिसतच नाही. बडोद्यात कोणी नवे करून देतं का?

वाकडीमान (बडोदे)
मावशी, आईला विचारून सांगते. मांडवीजवळ एक जण करायचे, आता मुलगा बसतो.