मदत हवी आहे – लहानपणीची मोटार कोणती असेल?

नमस्कार मंडळी, आमचं गाव खटाव तालुक्यात येरळेच्या काठी, साधारण 1958-59 ची गोष्ट, मी तेव्हा दुसरीत होतो. तालुक्याचे डॉक्टर बाजारच्या दिवशी काळी मोटार घेऊन यायचे, धुरळा दिसला की आम्ही पोरं शाळा सोडून वेशीपर्यंत पळत जायचो, पुढं हँडल मारून ती चालू करायचे आणि वळताना दोन दारांच्या मधल्या खांबातून एक छोटा पिवळा हात बाहेर यायचा, तो बघायला तर आजीपण ओट्यावर येऊन बसायची. एकदा वाळूत रुतली तेव्हा आमच्या वडिलांनी बैलजोडी लावून काढली.

मोठा भाऊ म्हणतो लँडमास्टर होती. पण लँडमास्टर 1954 नंतरची, ही त्याआधीची हिंदुस्थान 14 वाटते मला, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता हे पक्कं आठवतंय. लँडमास्टरला असा हात होता का हो? कोणाकडे हिंदुस्थान 14 चा आतला, डॅशबोर्डचा फोटो असेल तर प्लीज टाका, भाऊ आता 80 चा आहे, त्याला दाखवायचाय.