हरणाच्या शिकारीसाठी ३०८ रायफलची कोणती गोळी घेऊ? (बजेट ४० डॉलर)

नवखा_मॅडिसन: नमस्कार मंडळी. विस्कॉन्सिनमध्ये राहतो, यंदा पहिल्यांदाच डियर सीझनला जाणारे. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, लायसन्स झालं, ऑफिसातल्या मित्राने त्याची ३०८ दिलीये. दुकानात गेलो तर काडतुसांची अख्खी भिंत! सॉफ्ट पॉइंट, बाँडेड, ऑल कॉपर, प्लॅस्टिकच्या टोकाची... कुठलं घेऊ? दाट झाडी आहे, फार तर ७०-८० यार्डांवरून मारायचंय. २० च्या बॉक्सला ४० डॉलर, त्यावर नाही. घरी दोन लहान मुलं आहेत, तीही खाणार.

टेक्सासचा_पाटील: ऑल कॉपर, म्हणजे सगळी तांब्याची. डोळे मिटून घे. साठेक डॉलर जातील पण गोळी फुटत नाही, चार पाकळ्या उघडतात आणि आरपार. मी ३०० विनमॅग रायफलमधून मारतो, गेल्या साली दहा पॉइंटचा बक (शिंगांना दहा टोकं असलेला नर) जागेवर बसला. फोटो टाकू?

नवखा_मॅडिसन: दादा, बजेट ४० आहे.

टेक्सासचा_पाटील: अरे एवढी रायफल घेतलीस आणि २० डॉलरला रडतोस?

नवखा_मॅडिसन: रायफल मित्राची आहे 😅

सोलापूर_ते_पेन्सिल्व्हेनिया: स्वस्तातलं घेऊ नको भावा. मी घेतलं होतं, कंपनी सांगत नाही. २५ यार्डांवर नर उभा, बार बरोब्बर खांद्याच्या हाडावर, आणि गोळीचा तिथेच चुरा, जॅकेट एकीकडे शिसं दुसरीकडे. दोन तास रक्ताचे थेंब शोधत फिरलो. सापडलं तेव्हा अंधार पडलेला आणि पुढचा एक फरा पूर्ण वाया.

कॅलिफोर्नियाची_माई: आमच्याकडे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंदच आहे, कंडोर गिधाडांच्या पोटात जातं म्हणून. त्यामुळे कॉपरच घ्या.

डमडम_शंका: एक मिनिट, फुलणारी गोळी म्हणजे डमडमच ना? ती जगभर बंदी आहे असं शाळेत शिकलोय.

जुना_नेमबाज: शंकासाहेब, १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्यातली बंदी युद्धापुरती आहे. शिकारीत उलटं असतं, न फुलणारी फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूने मढवलेली) गोळीच बऱ्याच राज्यांत चालत नाही, कारण ती बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर जखमी होऊन मैलभर पळतं.

नवख्या, आता तुझं. साधी गोळी (सॉफ्ट पॉइंट) म्हणजे शिशाचा गाभा, वरून तांब्याचं जॅकेट, टोकाला शिसं उघडं. लागली की कुत्र्याच्या छत्रीसारखी फुलते. फार जवळून, फार वेगात हाडावर बसली तर सोलापूरवाल्यासारखं होतं. बाँडेडमध्ये गाभा जॅकेटला चिकटवलेला असतो, म्हणून तुटत नाही. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याच्या गोळ्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसवर (मोठ्या जातीचं हरीण) अशाच फुटल्या, तेव्हा त्याने मध्ये तांब्याची भिंत घालून पार्टिशन नावाची गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ऑल कॉपरचं वजन जवळपास पूर्ण टिकतं, पण तांबं कडक, वेग साधारण १८००-२००० फूट सेकंदाच्या खाली गेला तर नीट उघडत नाही. शिवाय तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि प्रत्येक नळीला मानवते असं नाही.

थोडक्यात गोळी वेगाच्या मापाने बनवलेली असते. तुझ्या अंतराला साधी १५० ग्रेन वजनाची भरपूर. खांदा टाळून मागे फुफ्फुसात मार. आणि एक बॉक्स आधी रेंजवर उडव!

टेक्सासचा_पाटील: म्हणजे कॉपरच.

जुना_नेमबाज: मी असं कुठे म्हणालो?

कोकणचा_रानडुक्कर: आमचे आजोबा ठासणीच्या बंदुकीने एका बारात डुक्कर लोळवायचे. कसलं बाँडेड आणि कसलं काय. पुढे भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली नाहीतर दाखवलं असतं.

दोन_पिल्लांची_आई: मुलांचं कुणी वाचलंच नाही का?? शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, एक्सरेत दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दिलेला हरणाचा खिमा याचमुळे फेकायला सांगितला होता. साधी गोळी घेतलीत तर जखमेभोवतीचं हातभर मांस काढून टाका, ते खिम्यात घालू नका.

कॅलिफोर्नियाची_माई: तेच म्हणतेय, कॉपर घ्या.

नवखा_मॅडिसन: सगळ्यांचे आभार, खूप शिकलो. पण काल शेजारच्या आजोबांशी बोललो तर त्यांनी त्यांची ३०-३० लिव्हर ॲक्शन रायफल आणि चपट्या टोकाच्या सॉफ्ट पॉइंटचा अर्धा बॉक्स हातातच ठेवला. ५० यार्डांवर तीन बार मारून बघितले, तिन्ही तळहाताएवढ्या जागेत. शनिवारी तीच नेतोय. जखमेभोवतीचं टाकून देईन, मुलांना यंदा चिकनच.

टेक्सासचा_पाटील: एवढं लिहिलं ते कशासाठी मग.

जुना_नेमबाज: वाईट नाही. ती काडतुसं हळू जातात म्हणून गोळी मुळातच मऊ बनवतात. फक्त नळीखालच्या त्या ट्यूबमध्ये, जिथे काडतुसं एकामागे एक बसतात, शिशाच्या किंवा कडक टोकाची टोकदार गोळी कधी भरू नको, पुढच्या काडतुसाच्या कॅपवर (दारू पेटवणाऱ्या) टोक टेकतं आणि धक्क्याने आतच बार उडू शकतो.

डमडम_शंका: पण हेगमध्ये अमेरिकेने सही केली होती का?