मदत हवी आहे: बिल्डरच्या एजन्सीकडून घरात वीज, दर कोण ठरवतं?

मंडळी, घोडबंदर रोडवरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये मार्चपासून राहतोय. सोसायटी अजून झालेली नाही. महावितरणचं बिल घरी येतच नाही. बिल्डरने अख्ख्या संकुलासाठी एकच जोडणी घेतलीय आणि एका एजन्सीने घरोघरी प्रीपेड मीटर लावलेत. मोबाइलवरून रिचार्ज करायचा, पैसे संपले की अंधार. परवा रात्री अकराला आईचा नेब्युलायझर चालू असताना वीज गेली. तेव्हापासून मी दोनशेच्या खाली बॅलन्स जाऊच देत नाही.

खटकतंय ते हे: महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा टप्पा स्वस्त असतो, इथे पहिल्या युनिटापासून एकच चढा दर. वर रोज 'सेवा आकार'. जनरेटरची वीजही त्याच आकड्यात मिसळलेली. हिशोब मागितला तर "पझेशनच्या कागदांवर तुमची सही आहे" हे उत्तर!

मामा कळव्याला राहतात. तिकडेही 2020 पासून खासगी कंपनी आहे, पण ती महावितरणची फ्रँचायझी, म्हणजे महावितरणच्याच वतीने वीज देणारी, त्यामुळे दर वीज नियामक आयोगाचेच. आमची एजन्सी ना फ्रँचायझी, ना परवानाधारक. वीज कायदा 2003 च्या कलम 12 प्रमाणे परवान्याशिवाय वीज वाटता येत नाही ना? मग तक्रार करायची कुठे? वीज नियामक आयोग, महारेरा (बिल्डरांवरचं नियामक प्राधिकरण) की ग्राहक आयोग? कुणी हे निस्तरलंय का?

प्रतिसाद:
एजन्सीशी हुज्जत घालू नका, महावितरणला गाठा. कलम 43 खाली राहणाऱ्याने मागितली तर वीज द्यावी लागते, म्हणून स्वतंत्र जोडणीचा अर्ज देऊन पोच घ्या. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 मध्ये दुरुस्ती झालीय: एकच जोडणी की घरटी वेगळी, हे वितरण कंपनीने मतदान घेऊन ठरवायचं, निम्म्याहून जास्त मालकांना वेगळी हवी असेल तर तिला प्राधान्य. घरची वीज, जनरेटरची वीज आणि सामाईक वापर यांची मोजणी आणि बिलं वेगवेगळी हवीत. अर्ज अडला तर महावितरणच्या भांडुप परिमंडलाचा (ठाणे त्यातच येतं) ग्राहक तक्रार निवारण मंच, नंतर 60 दिवसांत विद्युत लोकपाल. मंच परवानाधारकाविरुद्धच ऐकतो, म्हणून तक्रारीत एजन्सी नको, महावितरण प्रतिवादी हवी.

धागाकर्ता:
आभार! उद्या लिफ्टपाशी सह्यांचा कागद लावतो. 148 फ्लॅट आहेत, निम्मे भाडेकरू. त्यांचे मालक शोधायचे कसे, तेही सांगा.