वेस्ट ऑफ डेड: कव्हरला चिकटून खेळायचं की पळत? (वाद चालेल, शिव्या नकोत)

लातूरचा_नेमबाज

वाद लावायलाच धागा काढलाय, आधीच सांगतो.

गेम माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अपस्ट्रीम आर्केड नावाचा ब्रिटिश स्टुडिओ, गेम २०२० चा. १८८८ साल, अमेरिकेतल्या वायोमिंगमधलं पर्गेटरी (मेल्यावर आत्मे अडकून पडतात ती जागा), आणि विल्यम मेसन नावाचा मेलेला माणूस, ज्याच्या धडावर डोक्याऐवजी जळती कवटी आहे. आवाज रॉन पर्लमनचा, निव्वळ त्या आवाजासाठी खेळावा असा. वरून दिसणारा ट्विन-स्टिक शूटर (कंट्रोलरच्या एका काडीनं चालायचं, दुसरीनं नेम धरायचा), दरवेळी खोल्यांची मांडणी बदललेली, आणि मेलात की पहिल्यापासून.

आता मुद्दा. मी बघतो तो प्रत्येक जण पहिल्या दगडाआड जाऊन बसतो आणि तिथूनच अख्खी खोली साफ करायला बघतो. सुरुवातीला जमतं. पुढं जमत नाही आणि मग म्हणायचं गेम अन्यायी आहे. अरे, या गेमात कव्हर फुटतं. समोरून मारा चालू असला की तुमचा आडोसा झिजत जातो आणि शेवटी तुम्ही उघड्यावर. म्हणजे कव्हर ही मुक्कामाची जागा नव्हेच. बंदूक आपोआप भरते, बटण दाबावं लागत नाही, पण भरायला वेळ लागतो. तो वेळ काढायला कव्हर. बंदूक भरली, दोन गोळ्या घातल्या, डॉज मारून (झटकन अंग चुकवून) पुढचं कव्हर. तिथं परत तेच.

माझ्या मते थांबणारा हरतो. कुणाला पटत नसेल तर बोला.

नांदेडचा_धीमा

नाही पटत.

भाऊ, तू कव्हर फुटतं एवढंच सांगायलास, अंधाराचं कामून सांगत नाहीस? या गेमची अर्धी लढाई अंधाराशी आहे. खोलीत शिरलो की निम्मे शत्रू दिसतच नाहीत, आणि जो दिसत नाही त्याच्यावर नेम लागत नाही. अशात तू डॉज मारत खोलीच्या मधोमध जाणार आणि मग कळणार की कोपऱ्यात अजून दोघं उभे होते.

मी दाराजवळचं पहिलं कव्हर धरतो आणि आधी फक्त बघतो. कंदील कुठं टांगलेत, माझ्यापासून किती लांब, आणि मध्ये दुसरा आडोसा आहे का. गोळी नंतर. कंदील पेटवला की जवळचे शत्रू उजेडानं थोडा वेळ गांगरतात, तेवढ्यात बंदूक रिकामी करायची. हे पळणाऱ्याला जमत नाही, कारण त्याचा कंदील चुकीच्या वेळी पेटतो.

आणि तब्येत परत मिळवायचे मार्ग इथं फार नाहीत. लेव्हल हळू गेली तर माझं काय बिघडलं? एक गोळी लागली तर मात्र ती बॉसपर्यंत (शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत) माझ्यासोबत येते.

लातूरचा_नेमबाज

कंदिलाचं बरोबर आहे. पण कंदील तुझ्या दारापाशी येऊन पेटत नाही ना? तुला त्याच्याकडं जावं लागतं. म्हणजे पळणं आलंच. तू माझीच बाजू मांडायलास.

आणि बंदूक न घेता अंगावर धावून येणारे असतात त्यांचं काय? ते कव्हर मानत नाहीत. तू दगडाआड बसलेला, समोरचा बंदुकवाला तुला तिथं खिळवून ठेवणार आणि हा बाजूनं येऊन ठोकणार. बसणारे असेच मरतात. मी कालच एका मित्राला बघितलं, डोळे समोरच्या रायफलवाल्यावर आणि मरण डाव्या हातानं आलं.

संभाजीनगर_गनर

दोघंही एकाच गेमवर बोलताय म्हणून तुलना देतो. एंटर द गंजन, डॉज रोल स्टुडिओचा, २०१६ चा. तिथं टेबल उलटवून आडोसा करता येतो. नवा माणूस टेबल उलटवतो आणि मागं बसतो. टेबलाच्या फळ्या उडतात आणि तो मरतो. जुना माणूस टेबल उलटवतो, गोळ्यांचा पहिला लोंढा त्यावर जाऊ देतो आणि तोवर दुसऱ्या बाजूला निघून गेलेला असतो. म्हणजे नेमबाज म्हणतो तसंच.

पण डॉज हा सुद्धा काही जादूचा मंत्र नाही. गंजनमध्ये लोळण घेताना अर्धाच वेळ गोळी लागत नाही, जोवर अंग हवेत आहे तोवर. जमिनीवर टेकलात की उघडे. सतत डॉज दाबणारा पोरगा त्या दुसऱ्या अर्ध्यात गोळ्या खातो. "पळत खेळा" असा सल्ला नव्याला दिला की तो नेमकं हेच करतो. डॉज दाबायच्या आधी कुठं टेकणार ते ठरलेलं पाहिजे. वेस्ट ऑफ डेडमध्ये तर टेकायची जागा म्हणजे पुढचं कव्हर, ते डोळ्यांना आधी दिसलं पाहिजे, मग अंगठा हलला पाहिजे.

त्यामुळं मी धीमाच्या बाजूनं अर्धा आहे. थांबायचं, पण बघायला.

परभणीकर_९

तुमचं चालू द्या. पण ही सवय येते कुठून ते सांगू? आपल्याकडं निम्मी पोरं फ्री फायरवर वाढली. तिथं मार बसला की ग्लू वॉल टाकायची, मागं बसायचं, मेडकिट लावायचं, भिंत फुटायला आली की दुसरी टाकायची. हात त्यालाच बसलेत. २०२० च्या सप्टेंबरात पबजी बंद झाला तेव्हा आमच्या ग्रुपमधले काही जण कॉम्प्युटरवरच्या असल्या गेमांकडं वळले, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: भिंत कुठल्या बटणानं टाकायची? नाही टाकता येत बाबा. आहे तेवढ्याच दगडांत भागवायचं.

थोडी मोठी मंडळी गिअर्स ऑफ वॉरवाली. २००६ चा गेम, तिथं पाठ भिंतीला टेकवली की निवांत. भिंत सहसा कुठं जात नाही. ती पाठ टेकवायची खोड इथं घेऊन येतात.

पण माझा मूळ मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही दोघं उगं हातांवर भांडायलात. रन (सुरुवातीपासून मरेपर्यंतचा एक डाव) हातांवर कमी आणि पापावर जास्त ठरतो.

बीडचा_बारक्या

दादा, पापावर म्हणजे? मी नवीन आहे. लातूरला नीटच्या क्लासला असतो, रूममेटच्या लॅपटॉपवर रात्री खेळतो. मला पापाचं कळलंच नाही अजून, वर आकडा वाढतो एवढंच दिसतं.

परभणीकर_९

सांगतो. शत्रू मारले की दोन गोष्टी मिळतात. लोखंड आणि पाप. लोखंड हे त्या रनपुरतं, वाटेत व्यापारी भेटला की बंदूक नाहीतर साधन घ्यायला. पाप मात्र लेव्हल संपल्यावर चेटकिणीला द्यायचं असतं, आणि त्यातून जे अनलॉक होतं ते मेल्यावरही राहतं. मधेच मेलास तर जवळचं सगळं पाप गेलं.

म्हणून चेटकिणीपर्यंत जिवंत पोचणं हीच कमाई. बॉसचं नंतर बघू. आणि तिथं पोचलास की सगळ्यात आधी फ्लास्क (तब्येत भरून देणारी बाटली). बंदुका चमकतात, त्यांच्याकडं बघूच नको. फ्लास्क प्रत्येक रनमध्ये कामाला येतो, बंदूक नशिबानं हातात पडली तरच.

आता वादाचा मुद्दा, नेमबाजभाऊ चिडणार: सगळ्या बंदुका अनलॉक करू नका. नवी बंदूक अनलॉक झाली म्हणजे ती तुमच्या हातात येत नाही, ती ढिगात पडते. पुढच्या रनला त्या ढिगातून काय निघंल ते गेम ठरवणार. तुम्हाला दोनच शॉटगन चालवता येतात आणि ढिगात नको असलेल्या दहा रायफली भरल्या, तर तुम्हीच तुमची पंगत बिघडवली.

लातूरचा_नेमबाज

चिडलो नाही, पण हे म्हणणं मला कायम भित्रेपणाचं वाटतं. ढीग छोटा ठेवून तू त्याच दोन बंदुकांवर हात बसवणार. मग ज्या दिवशी त्या निघणार नाहीत त्या दिवशी रन सोडून देणार? रोगलाइक (दरवेळी नवी मांडणी, मेलं की पहिल्यापासून अशा जातीचा गेम) खेळायचा कशाला मग? १९८० च्या रोगपासून या जातीच्या गेमांचं म्हणणंच हे आहे की जे हातात पडलं त्यावर निभवा. ठरलेलंच सामान पाहिजे असलं तर दुसरे गेम पडलेत की.

फ्लास्क आधी, हे मात्र मान्य. त्यावर वाद नाही.

नांदेडचा_धीमा

परभणीकरांच्या मुद्द्यानं माझंच खरं ठरतं. मेल्यावर पाप जातं, म्हणजे प्रत्येक खोलीत जिवाची किंमत वाढत जाते. लेव्हलच्या सुरुवातीला नेमबाजासारखं खेळ, चालंल. चेटकीण दोन खोल्यांवर आलीय आणि खिसा पापानं भरलाय, तेव्हा कुणी पळत सुटतं का?

संभाजीनगर_गनर

हा मुद्दा भारी आहे. एकच माणूस एकाच लेव्हलमध्ये दोन तऱ्हेनं खेळू शकतो हे आपण कुणी बोललोच नव्हतो.

जाता जाता एक: वाटेत वाढ घ्यायच्या जागा येतात, तब्येत की मारा असं निवडायला लागतं. नवीन लोक डोळे झाकून तब्येत घेतात. मी मारा घेतो. तीन गोळ्यांत पडणारा दोनात पडला तर तो तुझ्या कव्हरवर कमी गोळ्या झाडतो. म्हणजे तुझा दगड जास्त टिकतो. तब्येत घेतली तर तू एक गोळी जास्त खाऊन मरणार, बस्स.

नांदेडचा_धीमा

आणि मारा घेतला पण कोपऱ्यातला दिसलाच नाही तर? तू तुझं घे, मी तब्येतच घेणार.

बीडचा_बारक्या

थांबा दादा हो, मला एक खोली कशी खेळायची तेवढं सांगा. काल अशी आली होती: मी खालच्या दारातून शिरलो. समोर लांब दोन बंदूकवाले, उजवीकडून एक जण कुऱ्हाडीसारखं काहीतरी घेऊन धावत आला. कंदील डावीकडं भिंतीजवळ. मध्ये दोन कव्हर, एक माझ्याजवळ, एक कंदिलाजवळ. माझ्याकडं पिस्तूल आणि शॉटगन. मी जवळच्या कव्हरला बसलो आणि तिथंच मेलो.

लातूरचा_नेमबाज

बरोबर, तिथंच मरणार. धावणारा पहिला. तो जवळ येईपर्यंत शॉटगन दाबायची नाही, लांबून छर्रे वाया जातात. तो अंगाशी आला की शॉटगन. आता ती रिकामी, भरायला लागली. तेवढ्यात पिस्तुलानं समोरच्या एकाला दोन घाल, मरणार नाही पण घाल. मग डॉज डावीकडं, कंदिलाजवळच्या कव्हरला. कंदील पेटव. दोघं गांगरलेत, तुझी शॉटगन भरत आलीय. पुढं सरक आणि जवळून मार. दोन बंदुका देतात त्या याचसाठी, एक भरते तेव्हा दुसरी बोलली पाहिजे. दोन्ही एकदम रिकाम्या करणारा मला अजून जिंकलेला दिसला नाही.

नांदेडचा_धीमा

क्रम चांगला आहे. फक्त "पुढं सरक आणि जवळून मार" तिथं मी थांबलो असतो. कंदिलाजवळच्या कव्हरवरून पिस्तुलानं दोघंही निघतात, उजेड आता तुझ्याच बाजूचा आहे. शॉटगन भरलेली ठेव, अजून कुणी अंधारातून आला तर. बारक्या, दोन्ही करून बघ.

परभणीकर_९

पिस्तूल-शॉटगन ही जोडी मात्र चांगली पडली होती तुला. दोन्ही लांबच्या नाहीतर दोन्ही जवळच्या निघाल्या की खरी रडारड. दोन शॉटगनवर खेळणारे असतात, मीच आहे, पण नव्यानं त्या नादी लागू नये.

संभाजीनगर_गनर

आणि कंट्रोलरची उजवी काडी आपोआप सरकते का बघ बारक्या. माझ्या जुन्या कंट्रोलरची सरकायची, नेम सतत भिंतीत. उन्हाळ्यात लाईट जाते म्हणून आम्ही पण लॅपटॉपवरच खेळतो, पण टचपॅडवर हा गेम होत नाही. माउस तरी घे.

बीडचा_बारक्या

माउस आहे, रूममेटचा. आज दोन्ही करून बघितलं. नेमबाज दादांच्या पद्धतीनं खोली पटकन निघते पण मार बसतो. धीमा दादांच्या पद्धतीनं मार कमी बसला, पण शेवटचा माणूस अंधारातच राहिला आणि माझं कव्हर फुटलं. चेटकिणीपर्यंत मात्र पोचलो. फ्लास्क घेतला.

आता पाप थोडं शिल्लक आहे. तिच्याकडं एक रायफल दिसायलीय. अनलॉक करू का ढिगात टाकायची नाही?

परभणीकर_९

नको.

लातूरचा_नेमबाज

कर.

नांदेडचा_धीमा

रायफल असली तर कर. शॉटगन असती तर नको म्हणालो असतो.